हरळीवरचे अठरा खड्डे

“बाई, आयकलं का? आमचे हे पुण्याला जाऊन गोल्फ बगून आले.”

काकू कुपाटीत तुराट्या खोचता खोचता बोलत होत्या. लग्नसराई तोंडावर, त्यामुळं मला वाटलं पुतण्यासाठी स्थळ बघून आले. “कुणाकडची आहे?” असं विचारूनही बसले. पलीकडं बाजेवर तात्या अडकित्त्यानं सुपारी कातरत होते, ते एवढे हसले की सुपारी हातातून निसटली.

देवगाव फाट्यावर बातमी एका रूपात कधी राहत नाही. एक वाट जिंतूरकडं, एक मंठ्यावरून जालन्याकडं आणि एक सेलूकडं. तिन्हीकडची माणसं चहाला थांबतात आणि उठताना बातमीत आपापली भर घालून जातात. दुपारपर्यंत तात्यांनी पुण्यात कुठल्याशा क्लबाची लाखाची पावती फाडली होती. संध्याकाळी त्यांनी तिकडं शंभर एकर घेतल्याचं कानावर आलं. म्हटलं, आता मूळ माणसाकडूनच ऐकावं.

मूळ हकीकत साधी होती. तात्यांचा भाचा पुण्याकडच्या एका गोल्फ क्लबात गवताच्या कामावर आहे. त्याच्या पोराच्या जावळाला तात्या गेले. भाचा पहाटे चारला कामावर निघाला. तात्यांनाही चारनंतर झोप नसतेच. मुकादमाला विचारून भाच्यानं मामाला सोबत घेतलं, आणि तात्या त्या दिवशी पहिल्या होलापासून अठराव्यापर्यंत सगळं मैदान पायी फिरून आले.

“खेळला नाहीत ना?” मी विचारलं.

“छ्या! मी मागं मागं. पन खेळनाऱ्यापेक्षा जास्त बगितलं.”

“मग सांगा. पहिल्या होलापासून सांगा.”

तात्या सरसावून बसले. “पयला होल म्हंजे एक लांबच लांब हिरवा पट्टा. या टोकाला लाकडाची बारकी खुटी रवायची, तिच्यावर बॉल ठेवायचा अन् हानायचा. त्या टोकाला झेंडा. झेंड्याच्या बुडाशी सव्वाचार इंचाचा खड्डा. मधी पावनेदोन फर्लांग जागा.”

“एवढ्या लांबून सव्वाचार इंचात?” काकू म्हणाल्या. “अन् पडला नाई तर?”

“एकदम कुटं पडतो? आधीच ठरलेलं ऱ्हातं, हा होल चार टोल्यांचा, तो तीनाचा, त्यो पाचाचा. त्याला पार म्हन्त्यात. झेंड्याजवळ जे बारीक गवत असतं ना, ग्रीन, तिथं दोन टोले लागतील असं धरूनच तो आकडा काढत्यात. चाराच्या होलाला दोन टोल्यांत ग्रीनवर यायचं, मंग दोन हळूच ढकलायचे. एक कमी लागला तर बर्डी, म्हंजे पाखरू. दोन कमी तर ईगल.”

“अन् जास्ती लागले तर?”

“एक जास्ती तर बोगी. त्याच्या फुडं मोजायचं अन् गप बसायचं. ज्याचे टोले कमी त्यो जिंकला.”

काकूंना हे पटलं नाही. ज्यानं जास्त टोले हाणले त्यानं मेहनत जास्त केली, मग जिंकायला तो पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तात्यांनी दुसऱ्या होलाकडं पाय उचलला.

दुसरा होल तीनाचा, आखूड. तिथं भाचा ग्रीनवर मशीन फिरवत होता. सकाळचे खेळणारे येण्याआधी सगळ्या ग्रीनची कापणी उरकावी लागते, तीही रोज. तात्या कौतुकानं वाकले, गवताला हात लावला आणि तिथंच उकिडवे बसले.

“बाई, खोटं सांगत नाई. हरळी होती.”

“कुठली हरळी?”

“आपली. वावरातली. जिच्या काशा येचता येचता माझ्या बापाची कंबर गेली, ती! म्या भाच्याला म्हनलं, अरं, तुझ्या मालकाच्या मैदानात हरळी शिरली, आत्ताच खांदून काढ. तर त्यो म्हनला, मामा, हळू बोला, हिचाच पगार मिळतो मला.”

आता मात्र मलाही कुंपणाच्या जवळ सरकावं लागलं, कारण यात तात्यांनी मीठमसाला लावलेला नव्हता. उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. ग्रीनवर असते ती तिची संकरित, बुटकी जात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं हरळीचा आणि तिच्या आफ्रिकेतल्या बारीक पानांच्या बहिणीचा संकर करून कितीतरी जाती काढल्या. तिथूनच १९६५ मध्ये ‘टिफड्वार्फ’ ही बुटकी जात बाहेर आली, आणि ती आपल्याकडच्या मैदानांपर्यंत पोचली. संकरित असल्यामुळं ती बी धरत नाही. काड्या लावूनच वाढवावी लागते.

“भाचा बी तेच म्हनला,” तात्या म्हणाले. “काड्या टोचायच्या, वरून वाळू पसरायची, पानी मारायचं, खत द्यायचं, औषध फवारायचं. अन् वाढली की तीन-चार मिलीमीटरवर कापून टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्ना. सगळं पिकावानी करायचं अन् पीक मात्र काईच घ्यायचं नाई!”

“अन् तिच्यावर पाय देत्यात?” काकूंनी कपाळाला हात लावला. “माय, गनपतीला एकवीस दूर्वा निवडून वाहतो आपन.”

“पाय देत्यात, पन कसा? टोकदार खिळ्याचा बूट चालत नाई. माझ्या चपला बी भाच्यानं कडंला काढून ठिवायला लावल्या. म्या अनवानी गेलो ग्रीनवर.”

“देवळात तरी असे वागले का कधी?” काकूंनी मला विचारलं. उत्तर त्यांना नको होतंच.

भाच्याचं दुसरं काम तात्यांना कापणीपेक्षा आवडलं. झेंड्याखालचा तो खड्डा एका जागी राहत नाही. एक गोल पात्याचं अवजार असतं, ते दाबून फिरवलं की गवतासकट मातीचा गोळा उचलून येतो. नवा खड्डा पाडायचा, त्यात डबा बसवायचा आणि तोच गोळा जुन्या खड्ड्यात बुजवायचा. एकाच जागी रोज पाय पडले तर गवत मरतं, म्हणून ही हलवाहलव. खेळणाऱ्यालाही कालचं गणित आज कामाला येत नाही.

तिसरा होल पाचाचा, सगळ्यांत लांब. तिथं तात्यांनी चौघांचा खेळ धरला आणि पुढं त्यांच्याच मागं राहिले. प्रत्येकाची पिशवी उचलायला एकेक कॅडी. पिशवीत काठ्या किती, तर चौदा.

“चौदा?” काकू.

“जास्तीत जास्त चौदा, कायदाच हाय. लांब मारायची येगळी, उचलून मारायची येगळी, वाळूतून काढायची येगळी, नुसती ढकलायची येगळी.”

“आपलं सगळं शेत एका खुरप्यावर निघतं.”

“म्हनून तर निघत नाई,” तात्या म्हणाले. काकू दोन मिनिटं बोलल्या नाहीत.

चौथ्या होलावर ग्रीनच्या तिन्ही बाजूंनी वाळूचे मोठे खड्डे, बंकर. बॉल त्यात पडला की बाहेर काढताना चांगल्या-चांगल्यांच्या नाकी नऊ येतात. चौघांतला एक जाडजूड गृहस्थ त्यात उतरला. एक टोला, वाळू उडाली, बॉल तिथंच. दुसरा टोला, वाळू तोंडात, बॉल तिथंच. पाचव्याला निघाला. आणि निघाल्यावर त्याच्या कॅडीनं दाताळं घेऊन सगळी वाळू सारखी केली, आपल्या पायाचे ठसेसुद्धा पुसले.

वाळूचा विषय निघाल्यावर काकू गप्प कशा राहतील? “अन् हितं घरकुलाला वाळू मिळंना. दुधना नदीची वाळू राच्च्याला कुनाच्या ट्रॅक्टरमधून जाते, सगळ्या फाट्याला ठावं हाय. नाव घेत नाई मी.” मग कुंपणावरून वाकून त्यांनी नाव घेतलंच. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पाचवा तात्यांनी सोडून दिला. सहाव्यावर पाणी होतं. झेंड्याच्या अलीकडं मोठं तळं आणि बॉल त्यावरून पलीकडं न्यायचा. एकाचा बॉल बुडुक झाला. त्याला एक टोल्याचा दंड बसला, खिशातून नवा बॉल निघाला. बुडालेले बॉल काढायला अधूनमधून माणसं उतरतात आणि ते धुऊन पुन्हा विकले जातात. तात्यांचं लक्ष मात्र बॉलाकडं नव्हतं.

“म्या भाच्याला इचारलं, दिसाला पानी किती लागतं रे? त्यो म्हनला, उन्हाळ्यात लाखानं लिटर. माझं डोकंच फिरलं.”

तात्यांचं डोकं फिरणं साहजिक होतं. २०१६ चा उन्हाळा आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांना एवढं पाणी कशाला, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायचा आदेश झाला. क्रिकेटचं मैदान असून असून किती? चार-पाच एकर. अठरा होलांना शंभर-सव्वाशे एकर लागतात.

“मग भांडलात का भाच्याशी?”

“भांडनारच व्हतो. पन त्यो म्हनला, मामा, हे प्यायचं पानी नाई. शहराचं सांडपानी शुद्ध करून घेतलेलं हाय. वास घेऊन बगा. म्या घेतला वास.” तात्यांनी नाकाला उपरणं लावून दाखवलं. “तवा म्हनलं, बरं, चालू द्या. पन एक डोक्यात बसलं. त्येंच्या संडासाच्या पान्यावर हरळी डुलते अन् हितं निम्न दुधना धरन उशाला असून कालव्याचं पानी माझ्या तुरीला येळेवर येत नाई.”

यावर कुणी काही बोललं नाही. मागं म्हैस मात्र हंबरली.

सातवा, आठवा झपाट्यानं झाले. नवव्यानंतर छप्पराखाली चहा-नाश्त्याची सोय. खेळणारे टेबलावर, कॅडी मागच्या बाजूला झाडाखाली. तात्या झाडाखाली बसले आणि खरी माहिती त्यांना तिथंच मिळाली. कॅडी म्हणजे निव्वळ हमाल नव्हे. वारा कुठला, काठी कुठली, ग्रीनचा उतार कुठं, हे सगळं साहेबाला तोच सांगतो. काही जुन्या मैदानांवर एक ‘आगेवाला’ही असतो. त्यानं पुढं जाऊन उभं राहायचं आणि बॉल कुठं पडला ते हेरून ठेवायचं. बरेच कॅडी शेजारच्या वस्त्यांतलेच. ज्यांच्या बापजाद्यांच्या जमिनीभोवती शहर वाढलं, अशी पोरं.

“अन् ती पोरं सोता खेळत नाईत?” काकूंनी विचारलं.

इथं मला बोलायची संधी मिळाली. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यांत जुना. तिथं गवताची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा एसएसपी चौरसिया त्याच मैदानावर खेळ शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं इंडियन ओपन जिंकली. त्याच्या आधी दिल्लीचा अली शेर. तो कॅडी होता, आणि १९९१ मध्ये त्यानं हीच स्पर्धा मारली. “तात्या, म्हणजे तुमच्या भाच्याच्या पोराला संधी आहे.”

“आत्ताशी जावळ काढलंय त्याचं,” तात्या म्हणाले, पण मिशीतून हसले.

“अन् बाया?” काकू.

“बायकाही खेळतात. बेंगळुरूची अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली. पदक एका टोल्यानं गेलं. आणि तिची पिशवी उचलायला कोण होतं माहितीये? तिची आई.”

काकूंनी हातातली तुराटी खाली ठेवली. “आई?”

“आई. आधीच्या रिओ ऑलिम्पिकला वडील होते.”

“आन् आपल्या इकडचं कुनी?”

“त्याच टोकियोला पुण्याचा उदयन माने गेला होता. अर्जेंटिनाच्या एकानं माघार घेतली म्हणून ऐनवेळी त्याला जागा मिळाली. पुरुषांत साठच जण खेळतात, त्यांत तो एक.”

दहाव्या होलावर तात्यांना एक गोष्ट कळेना. चौघांतला एक सत्तरीचा म्हातारा, एक तिशीचा गडी. गड्याचा टोला दीड फर्लांगावर, म्हाताऱ्याचा त्याच्या निम्मा. तरी पैज लागलेली. भाच्यानं सांगितलं, याला हँडिकॅप म्हणतात. आधीच्या खेळांवरून प्रत्येकाचा आकडा काढलेला असतो. कच्च्या खेळाडूच्या एकूण टोल्यांतून तेवढे वजा करायचे. मग म्हातारा जवानाला हरवू शकतो, आणि त्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही.

“हे लई चांगलं,” काकू एकदम म्हणाल्या. “हे घरात बी पायजे. माझे गुडघे गेले, अन् सून म्हन्ते, आत्याबाई, तुमच्या वक्ताला तुमी दोन घागरी आनत होता ना? आगं, माझे चार टोले वजा कर की!”

सून आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज जरा वाढला.

अकरावा झाला आणि तात्यांचा आवाज उतरला. खरं काहीतरी सांगायचं असलं की ते असं करतात. “बाई, बाराव्यावर जे बगितलं ते आजून डोक्यातून जाईना. एकाचा बॉल कडंच्या उंच गवतात गेला. रफ म्हन्त्यात त्याला. त्यो एकटाच गेला हुडकायला. तीन मिन्टं हुडकायची परवानगी. बाकीचे लांब. पंच नाई, कॅमेरा नाई. पायानं बॉल इतभर सरकवला तर कोन बगतंय? त्यानं बॉल हुडकला, मारायला उभा ऱ्हायला, अन् तिथनं वराडला, माझा धक्का लागून बॉल हालला, माझा एक टोला धरा!”

“मग?”

“मंग काय? धरला एक. समद्यांनी मान हालवली अन् फुडं निघाले. भाचा म्हनला, असंच असतं. ज्याचं त्यानं मोजायचं, ज्याची चूक त्यानंच सांगायची.”

मी त्यांना बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. १९२५ ची अमेरिकन ओपन. काठी टेकवताना याचा बॉल किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. यानंच सांगितलं आणि एक टोला स्वतःवर लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली, पुन्हा सामना खेळवला आणि तो एका टोल्यानं हरला. तो एक लावून घेतला नसता तर पहिल्याच मोजणीत जिंकला असता.

“येडा,” काकू म्हणाल्या.

“येडा नाई,” तात्या म्हणाले. मग त्यांनी मान वळवून खालच्या आळीकडं पाहिलं. “हितं मानूस दर पेरनीला बांध चार बोटं कोरतो. वीस वर्सं कोरतोय. माझा एक तास त्याच्या वावरात गेला. कुनी बगितलं का, तर नाई. इचारलं तर म्हन्तो, तात्या, बांध पावसानं सरकला.”

कुणाबद्दल चाललंय ते तिघांनाही ठाऊक होतं. मागच्याच आठवड्यात तात्यांनी मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखला दिला, हेही फाट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना तो अर्ज लागू होता ते आबा सोडून बाकी कुणी त्यावर अजून बोललं नव्हतं, आणि आबा मात्र रोज बोलत होते.

विषय जड होतोय म्हणून मी तात्यांना पुढं ढकललं. तेरा ते सोळा त्यांनी चार वाक्यांत आटोपले. ऊन चढलं, पाय भरून आले, एका ग्रीनवर टिटवी होती, एकानं काठी झाडावर फेकली आणि ती झाडावरच अडकली. सतराव्यावर मुकादम गाठ पडला. त्याला तात्यांनी विचारलं, आमच्याकडं असलं मैदान होईल का?

“काय म्हणाला?”

“म्हनला, तात्या, हिरवं व्हायचं नाई, पन तपकिरी व्हईल. पूर्वी लष्कराच्या कोरड्या भागातल्या मैदानांवर ग्रीन नव्हतंच. बारीक वाळूत तेल कालवून, दाबून सपाट करायचे. त्याला ब्राउन म्हनायचे. बॉल मारायच्या आधी पोरगं त्यावरून फरा ओढायचं.”

“म्हणजे पाणी नको?”

“पानी नको. पन वाळू पायजे,” तात्या म्हणाले आणि काकूंकडं पाहून दोघंही पुन्हा त्या रात्रीच्या ट्रॅक्टरवर घसरले. त्यांना परत आणायला पाच मिनिटं गेली.

अठरावा होल क्लबाच्या ओसरीसमोर संपतो. शेवटचा बॉल खड्ड्यात पडला, चौघांनी टोप्या काढल्या, हात मिळवले, कॅडींचेही हात हातात घेतले आणि कागद अदलाबदल करून आकडे ताडून पाहिले.

“पन अठराच कामून?” काकूंचा प्रश्न रास्त होता. “वीस कामून नाई?”

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या मैदानावर एका फेरीत बावीस होल खेळायचे. १७६४ मध्ये त्यांनी काही आखूड होल एकत्र केले, फेरी अठरावर आली आणि पुढं जगानं तोच आकडा उचलला. मी हे सांगत होते तेवढ्यात काकूंनी मला डोळ्यानं खुणावलं. खालच्या आळीकडून आबा येत होते. खांद्यावर उपरणं, हातात काठी.

“काय, कशाच्या गप्पा रंगल्यात?” आबांनी कुपाटीला काठी टेकवली.

“खेळाच्या,” तात्या म्हणाले. “गोल्फच्या. बसा.”

आबा बसले नाहीत, पण ऐकून घेतलं. हरळीचं ऐकून हसले, चौदा काठ्यांचं ऐकून हसले. मग नेमका प्रश्न त्यांनीच विचारला. “पर मोजतंय कोन? तलाठी?”

“मोजनारा कुनी नाई,” तात्या सावकाश म्हणाले. “ज्याचं त्यानं सांगायचं. आबा, तुमाला म्हनून इचारतो. मोजनीची फी भरलीय, मानूस येईल तवा येईल. पन तुमीच सांगा, आपला बांध त्या जुन्या लिंबाच्या अलीकडं व्हता का पलीकडं?”

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. आत भाकरी थापायचा आवाजही थांबला होता.

“आता असं बगा तात्या,” आबा म्हणाले, “लिंब तवा बारका व्हता...”

“बाई,” काकू माझ्याकडं वळून म्हणाल्या, “ह्यांचा एक टोला धरा.”